भाव उतरला, पण माल परत जाईल का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलच्या पानभर जाहिराती दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात. त्यांत भाव ठळक असतो, सवलतीची टक्केवारी त्याहून ठळक असते. पण माल परत घेणार की नाही, आणि घेतला तर पैसे देणार की दुसरा नग, याबद्दल एक शब्द नसतो. इंदूरच्या राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांत आता मिक्सरपासून साडीपर्यंत सगळे मोबाइलवरून मागवले जाते. माल आल्यावर चार दिवसांनी तोच नग स्वस्त दिसला की घरोघरी एकच प्रश्न निघतो: फरकाचे पैसे मिळतील का? या प्रश्नाला ऐकीव उत्तरे फार आहेत, आणि त्यांच्या नादात पैसेही जातात व मुदतही. म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी सरळ उत्तर. माल ताब्यात आल्यावर भाव उतरला तर फरक देण्याचे कायदेशीर बंधन आपल्या देशात विक्रेत्यावर नाही. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त त्याला घेता येत नाही. त्याच्या खाली भाव किती ठेवायचा आणि केव्हा बदलायचा हे तोच ठरवतो. माल परत घेण्याचे मात्र बंधन आहे, आणि ते कोणत्या कारणांसाठी हे स्पष्ट लिहिलेले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांनुसार माल सदोष निघाला, बनावट निघाला, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसले किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर त्याच्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल एवढाच अपवाद. या यादीत ‘भाव उतरला’ नाही. ‘रंग आवडला नाही’, ‘माप बसले नाही’ हेही नाही. त्यासाठी माल परत घेणे ही कंपनीने स्वतःहून दिलेली सोय असते, म्हणून तिच्या अटीही कंपनीच्याच असतात. दोष निघाला तर तुमचा हक्क, मन बदलले तर त्यांची सोय, एवढा भेद मनात पक्का असला की पुढचे पुष्कळ वाद टळतात.

अधूनमधून एखादा विक्रेता ‘अमुक तारखेपर्यंत भाव घटला तर फरक देऊ’ असे स्वतः जाहीर करतो. तसे वाचूनच माल घेतला असेल तर ते आश्वासन त्याला पाळावे लागते. पण ते पान दुसऱ्या दिवशी तिथेच असेल याचा भरवसा नाही. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच क्षणी घेऊन ठेवावा.

आता भाव खरोखर उतरला आहे का, हे तपासणे. इथे निम्म्याहून जास्त घोटाळा होतो. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि वर दिसणारा विक्रेता दिवसातून अनेकदा बदलतो. काल ज्याच्याकडून घेतले त्याचा भाव तसाच असतो, आज वर दुसराच कोणी आलेला असतो, आणि त्याच्या मालाला परतीची अट वेगळी असू शकते. म्हणून भावाखालची ‘विक्रेता’ ही ओळ पाहावी, ती आपल्या बिलावरच्या नावाशी ताडावी. मग मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवावा. शेवटचे एक अक्षर वेगळे असले तरी मिक्सरला एक भांडे कमी असते किंवा टीव्ही मागच्या वर्षीचा असतो. त्यानंतर आपण खिशातून नेमके किती दिले ते पाहावे. मिक्सर ४,२९९ रुपयांना दिसत होता आणि बँकेच्या कार्डावर १० टक्के तत्काळ सूट मिळाली, म्हणजे दिले ३,८६९. आठ दिवसांनी तोच ३,८९९ ला दिसला आणि कार्डाची सूट संपलेली असली तर तो ३० रुपयांनी महाग झाला आहे. तरीही चारशेला बुडालो म्हणून जुना परत पाठवून नवा मागवण्याची धडपड होते. बँकेची सूट, कूपन, जुन्या वस्तूच्या बदल्यातली रक्कम, पोचवण्याचा आकार आणि अलीकडे सर्वत्र लागणारे ते पाच-दहा रुपयांचे ‘प्लॅटफॉर्म शुल्क’, हे सगळे धरून शेवटच्या आकड्याची तुलना शेवटच्या आकड्याशीच करावी. सवलतीची टक्केवारी तर बघूच नये. ती एमआरपीवर मोजलेली असते आणि त्या एमआरपीला दुकानात कोणी विकतच नसते. महाराणी रोडवर किंवा जेल रोडच्या डॉलर मार्केटात एक फोन करून भाव विचारला तर खरा बाजारभाव पाच मिनिटांत कळतो. मागच्या तीन महिन्यांच्या किमतीचा आलेख दाखवणाऱ्या साइटही आहेत. त्यात सेलच्या पंधरवड्याआधी रेघ वर चढून सेलच्या दिवशी पूर्वीच्याच जागी आलेली दिसली, तर ती सूट सूटच नव्हे.

कर कमी झाल्याने भाव उतरणे निराळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ ३०,००० च्या एसीची किंमत ३८,४०० होत होती ती ३५,४०० झाली. आधीच्या आठवड्यात ज्यांच्या घरी माल आणि बिल दोन्ही पोचले होते, त्यांना तीन हजारांचा फरक फार बोचला. पण माल आणि बिल दोन्ही दरबदलाच्या आधीचे असले तर कर जुन्याच दराने लागतो, फरक विक्रेत्याकडे मागता येत नाही. कर उतरणार अशी पक्की घोषणा झालेली असेल तर मोठी खरेदी थांबवणे, एवढाच त्यावर इलाज.

भाव खरेच उतरला आहे हे कळल्यावर काय करता येईल, ते माल कुठे आहे यावर ठरते. ऑर्डर दिली आहे पण माल रवाना झालेला नाही, ही सर्वांत सोपी अवस्था. ऑर्डर रद्द करून नव्या भावाने मागवावी. रद्द करण्याचे शुल्क कंपनीला सहसा लावता येत नाही: कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर तीही तुम्हाला तेवढेच शुल्क देत असेल तरच ती तुमच्याकडून घेऊ शकते, असे नियमच म्हणतात. पण क्रम उलटा ठेवावा. आधी नवी ऑर्डर पैसे देण्याच्या पानापर्यंत न्यावी, शेवटचा आकडा पाहावा, ती नोंदवावी आणि मगच जुनी रद्द करावी. घाईने जुनी आधी रद्द केली की नवा माल ‘संपला’ दिसतो किंवा पोचण्याची तारीख भाऊबीजेनंतरची येते. शिवाय कार्डाची सूट बहुधा एका कार्डावर एकदाच असते. जुन्या ऑर्डरीत ती वापरली गेली असेल तर रद्द केल्यावर लगेच मोकळी होतेच असे नाही, आणि नव्या ऑर्डरीत ती लागली नाही तर सगळा हिशेबच फिरतो. पैसे देण्याच्या पानावर सूट वजा झालेली डोळ्यांनी दिसली पाहिजे.

माल रवाना झाला असेल तर काही जण दारात नाकारतात. पैसे आधी भरलेले असले तर माल विक्रेत्याकडे परतल्यावर ते मिळतात, पण त्यात दिवस जातात आणि तोवर नवा भाव टिकेल याची हमी नसते. हे वारंवार केले तर माल आल्यावर रोख पैसे देण्याची सोय त्या खात्यावर बंद होऊ शकते. आणखी एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. पलीकडचा विक्रेता नेहमीच कोणी बडी कंपनी नसते. आपल्याच क्लॉथ मार्केटमधले, बर्तन बाजारातले कितीतरी छोटे दुकानदार आज या साइटवर माल लावतात. नाकारलेल्या पार्सलचे जाण्या-येण्याचे भाडे अनेकदा त्यांच्याच हिशेबातून कापले जाते. दीडशे रुपयांच्या फरकासाठी पार्सल परत फिरवताना हे लक्षात असावे.

आता माल घरात आल्यानंतरचे. इथे सगळे परतीच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि तो प्रकार मागवण्याआधी वाचायचा असतो. भावाच्या खाली छोट्या चित्रांच्या ओळीत तो दिलेला असतो. पहिला प्रकार ‘परत’, म्हणजे माल द्या आणि पैसे घ्या. दुसरा ‘बदली’, म्हणजे दोष असेल तर तसाच दुसरा नग, पैसे नाहीत. तिसरा ‘परत नाही’. कपडे-चपला बहुधा पहिल्यात असतात. मोबाइल, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बहुतेक ठिकाणी दुसऱ्यात, तेही सात किंवा दहा दिवसांपुरते. आतले कपडे, सौंदर्यप्रसाधने, खाण्याच्या वस्तू तिसऱ्यात. भाव उतरला म्हणून जुना देऊन नवा घेण्याचा मार्ग फक्त पहिल्या प्रकारात आहे. दुसऱ्या प्रकारातल्या मोबाइलचा भाव हजाराने उतरला तरी काही करता येत नाही, ग्राहक सेवेला दहा फोन केले तरी नाही. तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र एक ध्यानात ठेवावे: पानावर ‘परत नाही’ लिहिले म्हणून सदोष किंवा भलताच माल गळ्यात मारता येत नाही. तिथे वर सांगितलेला नियम लागू होतो, कंपनीची अट नाही.

‘बदली’ प्रकारातल्या मालाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून ‘नग सदोष आहे’ असे खोटे कारण देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. खोटे आहे हे तर झालेच, पण त्याने साधतही काही नाही. यंत्र असेल तर तंत्रज्ञ येऊन तपासतो आणि ‘दोष नाही’ असा शेरा लिहून जातो. तो शेरा कंपनीच्या नोंदीत राहतो, आणि दोन महिन्यांनी खरा बिघाड झाला तर तक्रार संशयानेच वाचली जाते. नग बदलून मिळालाच तर भाव जुनाच राहतो, फरक मिळतच नाही. कपड्यांच्या बाबतीत खरे कारण निवडले तरी माल परत घेतला जातो. मग खोटे कशाला?

मुदत माल हाती पडल्या दिवसापासून मोजतात, डबा उघडल्या दिवसापासून नाही. आपल्या घरांत नुकसान होते ते नेमके इथे. टीव्ही सेलमध्ये नवरात्रात येतो, धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला मुहूर्ताने लावायचा म्हणून डबा हळद-कुंकू लावून तसाच कोपऱ्यात उभा राहतो. पाडव्याला उघडतात तेव्हा पडद्यावर उभी रेघ, आणि परतीची मुदत केव्हाच संपलेली. मग वॉरंटीत दुरुस्ती मिळते, नवा नग मिळत नाही. मुहूर्त पूजेला ठेवावा, तपासणी त्याच दिवशी करावी. माल आला की उघडावा, चालवून पाहावा, हवा तर पुन्हा डब्यात ठेवावा. मोठ्या उपकरणांना मात्र वेगळी काळजी लागते. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांचा डबा कंपनीच्या माणसासमोरच उघडावा अशी काही ब्रँडची अट असते. तंत्रज्ञाला सणाच्या गर्दीत चार-पाच दिवस लागतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. म्हणून दोषाची शंका आली तर त्याची वाट न पाहता ॲपमध्ये ‘बदली’ची मागणी मुदतीच्या आत नोंदवून टाकावी आणि तिचा क्रमांक जपावा. तंत्रज्ञ आल्यावर त्याच्याकडून दोष लिहिलेली जॉब शीट घ्यावी. ‘आल्यापासूनच बंद’ अशा अर्थाचा शेरा तीत असला की बदलीचे काम पुष्कळ सोपे होते. तोंडी ‘मी कळवतो’ यावर सोडू नये.

डबा उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण आत दगड किंवा साबणवडी निघाल्यावर तोच कामी येतो. तो न तोडता एका दमात घ्यावा. सुरुवात पार्सलवरच्या लेबलपासून करावी, पार्सलचा क्रमांक वाचता आला पाहिजे. मग सहाही बाजू फिरवून दाखवाव्यात, चिकटपट्टी कुठे दोनदा लावलेली दिसते का ते पाहावे, आणि मगच कापावे. मोबाइल असेल तर डब्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा क्रमांक दोन्ही त्याच चित्रणात यावेत. ‘ओपन बॉक्स’ पद्धतीने माल येत असेल तर पोचवणाऱ्यासमोर वस्तू पूर्ण बाहेर काढून बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नये. ओटीपी दिला म्हणजे माल ठीक मिळाला असे तुम्ही मान्य केले. तो घाईत असला तरी ती पाच मिनिटे आपली आहेत.

परत न्यायला माणूस येतो तेव्हा त्याच्या फोनमध्ये प्रश्नांची यादी उघडते: रंग तोच आहे का, टॅग आहे का, डबा मूळचा आहे का, क्रमांक जुळतो का. एका प्रश्नाला ‘नाही’ आले की तो माल घेऊ शकत नाही, वाद घालून उपयोग नसतो. कुर्त्याचा टॅग कापलेला, चपलेच्या डब्यावर थेट पत्त्याचे लेबल चिकटवलेले, हेडफोनसोबतची जादा रबरी बोंडे हरवलेली, चार्जरची केबल राहून गेलेली, अशा क्षुल्लक कारणांनी पिकअप फसतात. फोन किंवा टॅब्लेट असेल तर सिम काढावे, आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे आणि मगच सगळा डेटा पुसावा. खात्यातून न निघता नुसते पुसले तर फोन उघडताना जुना पासवर्ड मागतो, गोदामात तपासणीत तो अडकतो आणि ‘कुलूपबंद’ म्हणून तुमच्याकडेच परत येतो. माल देण्यापूर्वी सर्व वस्तू मांडून, सिरीयल क्रमांकासकट एक फोटो काढावा. माणूस गेल्यावर ‘पिकअप झाले’ असा संदेश आला की नाही ते तो दारात असतानाच पाहावे. संदेश न येता माल गेला तर पुढचे सगळे पुराव्याविना भांडण होते. कोणी आलेच नाही आणि ‘ग्राहक घरी नव्हते’ अशी नोंद झाली, तर त्याच दिवशी ॲपमध्ये लेखी हरकत नोंदवावी. अशा दोन-तीन नोंदींनंतर परतीची मागणी आपोआप बंद होऊ शकते.

पैसे परत येतात तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून लोक हबकतात. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. तीन कुर्ते प्रत्येकी हजाराचे, ‘तिन्ही घेतले तर २,४००’ या योजनेत घेतले आणि एक परत केला, तर हजार नाही, ८०० येतात. काही ठिकाणी योजनेची अटच मोडली म्हणून त्याहूनही कमी येतात. बँकेची तत्काळ सूट रोख मिळत नाही, भरले तेवढेच परत मिळतात. कॅशबॅक आधी जमा झाला असेल तर तो वळता करून घेतात. जुना फोन बदल्यात दिला असेल तर तो परत मिळेल असे धरूनच चालू नये.

सर्वांत जास्त गफलत ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांत होते, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. २४,००० चा फोन, सहा हप्ते, प्रत्येकी ४,०००. वरवर व्याज शून्य. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच. वार्षिक १५ टक्के धरले तर सहा महिन्यांचे साधारण १,०१६ रुपये होतात, आणि विक्रेता तेवढी सूट आधीच देतो, म्हणून कार्डावर २२,९८४ चीच खरेदी नोंदवली जाते. शून्य टक्के व्याज अशी चीज नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८३ रुपये, ग्राहकाच्या माथी. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. एकूण ४१८ रुपये भावात कुठे दिसतच नाहीत. आता फोन ५०० ने उतरला म्हणून पहिली ऑर्डर रद्द करून दुसरी केली, तर प्रक्रिया शुल्क पुन्हा लागते आणि पहिले सहसा परत मिळत नाही. फायदा उरतो २६५, तोही बँकेने पहिल्या ऑर्डरीचे हप्ते वेळेत रद्द केले तर. आणि मेख तिथेच आहे: विक्रेत्याने पैसे परत केले म्हणजे ईएमआय आपोआप बंद होतोच असे नाही. २२,९८४ कार्डाच्या खात्यात जमा दिसतात आणि हप्ते तरीही सुरू राहतात. रिफंडचा संदेश आल्याच्या दिवशीच बँकेला कळवून ईएमआय रद्द करायला सांगावे, तक्रार क्रमांक घ्यावा आणि पुढच्या दोन स्टेटमेंटांत हप्ता थांबला का ते पाहावे.

‘रिफंड केला’ असे कंपनी म्हणते आणि बँक ‘आला नाही’ म्हणते, तेव्हा दोघांच्या मध्ये हेलपाटे घालण्याऐवजी कंपनीकडून व्यवहाराचा क्रमांक मागावा. कार्ड असेल तर एआरएन, बँक खात्यात असेल तर यूटीआर, यूपीआय असेल तर बारा अंकी आरआरएन. तो क्रमांक दिला की बँकेला पैसे शोधावेच लागतात, ‘दिसत नाही’ म्हणून फोन ठेवता येत नाही. कंपनी क्रमांकच देत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत, असे समजायला हरकत नाही. कार्डाने पैसे भरले असतील आणि माल परत जाऊनही रिफंड येत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे पुराव्यासह ‘चार्जबॅक’, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. त्यालाही मुदत असते, महिनोन्‌महिने थांबू नये. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही.

कंपनी ऐकतच नाही तेव्हा तिच्या चॅटवर रोज नवा माणूस गाठून पुन्हा पहिल्यापासून सांगत बसू नये. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क साइटवर देणे सक्तीचे आहे. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी असतो. त्याला ईमेल करावी: ऑर्डर क्रमांक, तारखा, काय मागितले, काय उत्तर आले, सोबत फोटो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येते. ती कोर्ट नव्हे, कंपनीकडे पाठपुरावा करते, पण बऱ्याच तक्रारी याच पायरीवर मिटतात. त्याहीनंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची किंवा गुरुग्रामची असली तरी तक्रार इंदूरमध्येच दाखल करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे ती करण्याची मुभा दिली आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. पण मुदत आहे म्हणून थांबले की चॅटच्या नोंदी पुसल्या जातात आणि पानावरची अट बदललेली असते.

वेगळ्याच एका धोक्याबद्दलही लिहायला हवे. रिफंड अडकला की लोक गूगलवर कंपनीचा नंबर शोधतात, आणि तिथे भामट्यांनी लावलेले नंबर असतात. ‘रिफंड देतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवावा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवा म्हणणाऱ्यालाही तेच. नंबर घ्यायचा तर ॲपच्या आतूनच घ्यावा. पैसे गेलेच तर क्षणभरही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. वयस्कर मंडळी घरी एकटी असतात तिथे हे दोन आकडे, १९१५ आणि १९३०, फ्रिजवर लिहून चिकटवावेत.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ‘डार्क पॅटर्न’विरुद्धची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या मांडणीविरुद्धची, मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई लावणारे घड्याळ, टोपलीत न मागता घातलेला विमा, शेवटच्या पानावर वाढणारे शुल्क, अशा तेरा प्रकारांना त्यात मज्जाव आहे. परतीची अट बारीक अक्षरांत दडवणे आमच्या मते त्याच वृत्तीचे आहे. पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच, भावाइतक्याच टायपात, ‘परत’, ‘बदली’ की ‘परत नाही’ आणि किती दिवस, हे छापणे कोणत्याही कंपनीला एका दिवसाचे काम आहे. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनीही सेलची जाहिरात घेताना ही एक ओळ मागावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शेवटी जाहिरातीचे पान आपलेच असते.

आपले,
राजेंद्रनगर, इंदूर येथील काही वाचक